क्रँकच्या पुलीचा वाद : एक आढावा

मोटारीच्या इंजिनाच्या पुढल्या टोकाला, क्रँकशाफ्टच्या नाकावर बसविलेली आणि पट्ट्याच्या साहाय्याने डायनामो, पाण्याचा पंप, थंड हवेचा कॉम्प्रेसर इत्यादी सर्व परिवाराला फिरविणारी जी पुली, ती कंपनीची काढून तिच्या जागी बाजारात मिळणारी दुसरी बसवावी की नाही, हा प्रश्न वरकरणी गॅरेजच्या दारात उभ्या उभ्या निकालात निघावा इतका किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या खोलात शिरणाऱ्याला लवकरच असे आढळते की, या विषयावर बोलणारे लोक एकमेकांशी वाद घालीत असले तरी त्यांच्यापुढील मामला एकच नाही. पुण्या-मुंबईच्या हौशी मोटारवाल्याला धडधाकट गाडीची लोखंडी पुली काढून तिच्याऐवजी ॲल्युमिनियमची हलकी, चकचकीत आणि किंचित लहान व्यासाची पुली घालावयाची असते, कारण तिने गाडीची चपळाई वाढते असे त्याने ऐकलेले असते. निलंग्याच्या जीपवाल्याला चपळाईशी काही कर्तव्य नसते. औराद शहाजानी किंवा कासार शिरसीच्या वाटेवर त्याच्या गाडीची जुनी पुली डुलू लागलेली असते, कंपनीच्या पुलीची किंमत आणि ती येण्यास लागणारा कालावधी ही दोन्ही त्याला परवडणारी नसतात, आणि म्हणून लातूर, नांदेड किंवा हैदराबादच्या बाजारातून कोणी तरी आणून दिलेली बाहेरची पुली तो निमूटपणे बसवून घेतो. या दोन गिऱ्हाइकांची गरज भिन्न आहे; तथापि दोघांच्या व्यवहारात गुंतलेला मूळ प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो हा की, ही पुली म्हणजे केवळ पट्टा फिरविणारे चाक आहे, की ती क्रँकशाफ्टचाच एक अवयव आहे?

पूर्वपीठिका

मराठवाड्यातील कारागिरांचा पुलीविषयीचा समज मोटारीवर घडलेला नाही. तो तेलाच्या इंजिनावर घडलेला आहे, ही गोष्ट या वादाचा विचार करताना सहसा कोणी ध्यानात घेत नाही. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, कडबा कापण्याचे यंत्र आणि गुऱ्हाळाचा चरखा ही सारी कामे एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर येऊन पडली. या इंजिनाच्या व्यवहारात पुली ही इंचावर मोजून घेण्याची वस्तू होती. पंधराशे फेऱ्यांच्या इंजिनावर सहा इंची पुली आणि गिरणीच्या जात्यावर नऊ इंची पुली घातली म्हणजे जाते मिनिटाला हजार फेरे घेणार, हा हिशेब गावोगावच्या फिटरला तोंडपाठ असे. जाते मंद वाटले तर इंजिनाची पुली बदलावी, पीठ तापून करपू लागले तर उलटी बदलावी, यात कोणाला काही साहस वाटत नसे. आणि ते योग्यच होते. त्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट आखूड आणि दणकट, फेरे थोडे, आणि बाजूला मणभर वजनाचे फ्लायव्हील. तेथे पुली हे खरोखरच निव्वळ चाक होते, आणि गती बदलण्याखेरीज तिच्यावर दुसरी कोणतीही जबाबदारी नव्हती.

त्यानंतर जी वाहने या इलाख्यात रुळली, त्यांनीही हा समज फारसा ढळू दिला नाही. महिंद्रांची जीप १९४७ पासून या देशात जुळविली जाऊ लागली. तिच्या पुलीच्या मध्यभागी हँडल अडकविण्याचा दात असे, आणि थंडीच्या सकाळी बॅटरी बसली की त्यातच हँडल घालून गाडी सुरू केली जाई. एक इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पट्टा, त्यावर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो, एवढाच त्या पुलीचा प्रपंच होता. ती फुटली तर लेथवाल्याकडे नेऊन बिडाच्या तुकड्यातून तशीच दुसरी कातून घेणे हा सर्रास रिवाज होता, आणि अशा कातलेल्या पुलीवर वर्षानुवर्षे चाललेल्या गाड्या पाहिलेल्या मिस्त्र्यांना, पुलीमुळे इंजिनाला धोका पोहोचतो हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

पुढे इंजिने बदलली. फेरे वाढले, डिझेल इंजिनात इंधन अधिक दाबाने येऊ लागले, अनेक खाचांचा एकच लांब पट्टा सर्व यंत्रांवरून नागमोडी फिरू लागला, आणि पुलीच्या पोटात, आतील ठोकळा व बाहेरील कडे यांच्यामध्ये, रबराचा एक थर येऊन बसला. बाहेरून पाहणाऱ्याला तो थर म्हणजे एक काळी रेघ दिसते. सबंध वाद त्या काळ्या रेघेभोवती फिरतो.

अदृश्य कार्य

सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा क्रँकशाफ्टला मिळणारा रेटा अखंड नसतो. तो टोल्यांच्या स्वरूपात येतो, आणि प्रत्येक टोल्याला शाफ्ट किंचित पिळला जाऊन पुन्हा सुटतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवत नाही, कारण तो अंशाच्या लहानशा भागाइतका असतो. पण प्रत्येक शाफ्टला त्याची स्वतःची अशी एक नैसर्गिक कंपनसंख्या असते, आणि टोल्यांची लय त्या संख्येशी जुळली की पीळ वाढत जाऊन शाफ्टला थकवा येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी सहा सिलिंडरांची लांब इंजिने आली तेव्हा शाफ्ट मोडण्याचे प्रकार या कारणाने घडले, आणि त्यावरील उपाय म्हणून इंग्लंडातील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास शाफ्टच्या टोकावर बसणाऱ्या कंपनशामकाचे पेटंट घेतले.

पिळाची उपेक्षा केल्यास काय होते याचे एक ठळक उदाहरण मोटारीबाहेरचे आहे. मे १९२९ मध्ये ग्राफ झेपेलिन हे जर्मन वायुयान अमेरिकेच्या सफरीवर निघाले असता फ्रान्सवरून जाताना त्याच्या पाच इंजिनांपैकी चार एकामागून एक बंद पडली, आणि यानाला तुलाँजवळ आसरा घ्यावा लागला. इंजिन आणि पंखा यांना सांधणाऱ्या भागात त्यापूर्वी जो बदल करण्यात आला होता त्याने सबंध शाफ्टची कंपनसंख्या सरकली, आणि नेहमीच्या फेऱ्यांवरच अनुनाद घडून क्रँकशाफ्ट मोडले, असा त्याचा उलगडा पुढे झाला. इंजिनात कोणी हात घातला नव्हता. शाफ्टच्या एका टोकाला जोडलेली वस्तू तेवढी बदलली होती.

आजच्या पुलीतील रबर आणि बाहेरचे कडे यांचे कार्य या संदर्भात पाहावे लागते. रबर मऊ असल्यामुळे धक्के शोषून घेते, ही त्याची लोकप्रिय व्याख्या अपुरी आहे. कड्याचे वजन आणि रबराचा ताठपणा हे दोन्ही मिळून त्या विशिष्ट शाफ्टच्या कंपनसंख्येशी सूर जुळवून ठेवलेले असतात. शाफ्ट ज्या लयीत पिळू पाहतो त्याच लयीत कडे उलट्या दिशेने झुलते आणि पीळ आवरला जातो. म्हणजे ही एका इंजिनासाठी, एका मापाने लावलेली रचना आहे. दुसऱ्या इंजिनाची पुली नाकावर तंतोतंत बसली, तिच्या खाचाही जुळल्या, तरी तिचा सूर जुळेलच असे नाही.

आकड्यांत सांगावयाचे तर, चार सिलिंडरांच्या लहान इंजिनाच्या शाफ्टची कंपनसंख्या सेकंदाला चारशेच्या आसपास धरली, तर एका फेऱ्यात चार वेळा येणारा आघात तिला मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर गाठतो, सहा वेळा येणारा चार हजारांवर आणि आठ वेळा येणारा तीन हजारांवर. आघात जितका वरच्या श्रेणीचा तितका तो सामान्यतः दुबळा असतो. सहा सिलिंडरांचा शाफ्ट लांब असल्यामुळे त्याची कंपनसंख्या खाली येते आणि हे गाठीभेटींचे बिंदू रोजच्या चालविण्याच्या टप्प्यात येऊन पडतात. तीन सिलिंडरांच्या इंजिनाची तऱ्हा तिसरीच. तेथे टोले एका फेऱ्याला दीड या विषम लयीत येतात.

पक्ष आणि प्रतिपक्ष

हलक्या पुलीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे दोन भागांचे आहे. पहिला भाग वजनाचा: फिरणारे वजन जितके कमी तितके इंजिन लवकर फेरे घेते. हे तत्त्व निर्विवाद आहे, प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि तो साध्या गणिताने पाहता येतो. मूळ पुली अडीच किलोची, नवी आठशे ग्रॅमची, दोन्हींची त्रिज्या सात सेंटिमीटर आणि दोन्ही भरीव चकत्या आहेत असे समजू. पहिल्या गिअरात इंजिन चाकाच्या पंधरा पट फिरते आणि चाकाची त्रिज्या तीस सेंटिमीटर आहे असेही मानू. अशा गाडीत पुली बदलल्याचा परिणाम पहिल्या गिअरात गाडीचे वजन सुमारे दहा किलोंनी घटविल्याइतका होतो. शेवटच्या गिअरात, जेथे हे प्रमाण चारपटीवर येते, तोच परिणाम पाऊण किलोवर उतरतो. चालकाला पहिल्या गिअरात गाडी हलकी वाटली तर तो भास नव्हे. मात्र हमरस्त्यावर तिचा वेग वाढला असे तो म्हणू लागला तर त्याचा दाखला मागावा लागेल. ज्या चाचणीयंत्रांत गाडीची चाके जड रूळ फिरवीत वेग घेतात, त्यांच्या कागदावर हलक्या पुलीने शक्ती वाढलेली दिसते, याचेही कारण हेच की ती चाचणी वेग वाढत असतानाच होते. स्थिर फेऱ्यांवर पुलीचे वजन शक्तीच्या हिशेबात येतच नाही.

दुसरा भाग व्यासाचा. क्रँकची पुली लहान केली की तिच्यावर अवलंबून असलेली सर्व यंत्रे मंद फिरतात आणि त्यांनी खाल्लेली शक्ती वाचते, असा हा युक्तिवाद आहे. पाण्याच्या पंपापुरता तो खरा आहे, कारण पंपाला लागणारी शक्ती गतीच्या घनाने बदलते. गती पंधरा टक्क्यांनी घटली तर शक्ती सुमारे एकसष्ट टक्क्यांवर येते. डायनामोच्या बाबतीत मात्र पुरस्कर्ते थोडे घाईत आहेत. दिवे, पंखे आणि इंजिनाचा मेंदू यांना लागणारी वीज तेवढीच राहते, नियामक चुंबकाचा प्रवाह वाढवून तेवढीच वीज काढतो, आणि शक्तीचा खर्चही जवळजवळ तेवढाच राहतो; वाचते ती पंख्याच्या वाऱ्याची आणि घर्षणाची किरकोळ रक्कम.

शर्यतीच्या मैदानावर या पक्षाची बाजू भक्कम आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जेथे इंजिन सतत सहा-सात हजार फेऱ्यांवर राहते, तेथे मूळ मापाच्या पुलीने पाण्याचा पंप आवश्यकतेपेक्षा अधिक वेगाने फिरून पाण्यात बुडबुडे उठतात, पट्टा फेकला जातो. तेथे लहान पुली ही चैन नसून सोय आहे. परंतु तीच पुली मे महिन्यात लातूरच्या गंजगोलाईत, पारा बेचाळिसाच्या वर असताना, थंड हवा चालू ठेवून मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाडीवर घातली तर हिशेब उलटतो. इंजिन मंद, त्यामुळे पंप अधिक मंद, डायनामो कमी फेऱ्यांवर, रेडिएटरचा विजेचा पंखा मात्र पूर्ण जोराने वीज ओढतो आहे. जी बचत सात हजार फेऱ्यांवर दिसते तिची किंमत आठशे फेऱ्यांवर मोजावी लागते, आणि आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांचे आयुष्य या दुसऱ्या टोकाला अधिक जाते.

विरोधी पक्षाचा मुख्य आक्षेप कंपनाचा आहे. रबर नसलेली भरीव पुली घातली म्हणजे शाफ्टचा शामकच काढून टाकला. त्याचे फळ लगेच दिसणार नाही, पण बेअरिंगे, टायमिंगची साखळी आणि ज्या इंजिनांत तेलाचा पंप थेट क्रँकच्या नाकावरून फिरतो तेथे त्या पंपाचे दाते, यांवर ते कालांतराने उमटेल, असे हा पक्ष म्हणतो. यांत्रिकीच्या दृष्टीने ही साखळी सुसंगत आहे. याला पुरस्कर्त्यांचे उत्तरही दुर्लक्ष करण्याजोगे नाही: चार सिलिंडरांचा शाफ्ट आखूड असतो, त्याचा धोक्याचा टप्पा वरच्या फेऱ्यांवर असतो, काही लहान इंजिनांना कारखान्यातूनच भरीव पुली येते, आणि हलकी पुली घातलेल्या कित्येक गाड्या तक्रारीवाचून चालत आहेत. चालत असलेल्या गाड्यांचा हा पुरावा कितपत ग्राह्य मानावा? ज्यांची इंजिने बिघडली त्यांनी बिघाडाचे खापर पुलीवर फोडलेच असेल असे नाही, आणि ज्यांनी फोडले त्यांचे इंजिन अन्य कारणानेही बिघडलेले असू शकेल. म्हणून हा साक्षीपुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच सैल आहे. माझ्या मते इंजिननिहाय निवाडा करणे एवढाच न्याय्य मार्ग उरतो: ज्या इंजिनाला निर्मात्याने भरीव पुलीच दिली आहे तेथे विरोध निराधार ठरतो, सहा सिलिंडरांच्या इंजिनावर पुरस्कार निराधार ठरतो, आणि वाद राहतो तो मधल्या प्रदेशात. शामक राखूनही बाहेरची पुली घेण्याची सोय नाही असे नव्हे. चिकट सिलिकॉन द्रव भरलेले शामक तयार मिळतात, ते एका कंपनसंख्येला बांधलेले नसतात, आणि अमेरिकेत शर्यतीच्या शामकांसाठी एसएफआय १८.१ हे स्वतंत्र मानकही आहे. पण ते वजनाला हलके नसतात, आणि स्वस्त तर मुळीच नसतात.

आता तिसरा पक्ष, जो या वादाच्या छापील मजकुरात सहसा येत नाही, परंतु निलंग्यात ज्याचे बहुमत आहे. हा पक्ष मिस्त्र्याचा. "मालक, बेल्टाचा दोष नाही, रबर सुटलंय, पुलीच डुलायलीय," असे तो म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे हलकी की जड हा विकल्प नसतो. कडे सुटून टायमिंगचे झाकण खाईल, पट्टा फेकील, पाण्याचा पंप थांबेल आणि गाडी तापून हेडचे गॅस्केट जाईल, ही शृंखला त्याला डोळ्यांपुढे दिसत असते. फुटकी मूळ पुली ठेवण्यापेक्षा धड असलेली बाहेरची पुली बरी, हा त्याचा सिद्धांत तर्काला धरूनच आहे. कोणताही शास्त्रज्ञ त्याला याहून निराळा सल्ला देणार नाही. त्याची अडचण पुढच्या पायरीवर आहे. बाजारातील दोन पुल्या त्याने हातात घेतल्या तर व्यास, खाचा, चावीचा गाळा, नाकाचे भोक हे सर्व त्याला मापता येते. रबराचा ताठपणा मात्र मापता येत नाही, आणि सूर जुळणे न जुळणे हे बहुतांशी त्यावर अवलंबून असते. हौशी माणूस शामक काढून टाकतो तेव्हा निदान त्याला ते ठाऊक असते. जीपवाल्याच्या पुलीत रबर दिसते, पण ते शामक आहे की नुसती भरती, हे विकणारा, बसविणारा आणि चालविणारा यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. उष्णतेने रबर मऊ होते, वयाने ताठ होते, आणि पुढल्या ऑईल सीलमधून झिरपणारे तेल त्याला फुगवते. या तिन्ही गोष्टींची आपल्याकडे वाण नाही.

सुटलेल्या कड्याला वेल्डिंगचे चार टाके मारून देण्याचा जो तोडगा अधूनमधून दिसतो, त्याच्या बाजूने मात्र काही बोलता येत नाही. त्याने पुली भरीव होते, वजन जडच राहते आणि तोलही बिघडतो.

बसविण्याची क्रिया

पुली कोणत्या पक्षाची हे ठरल्यानंतरही बसविण्याचे काम उरते, आणि बिघाडांचा मोठा हिस्सा पुलीच्या जातीपेक्षा याच टप्प्यावर उद्भवतो, असे माझे मत आहे.

काम उघडण्यापूर्वी करावयाची परीक्षा फुकटची आहे. पुलीच्या आतील ठोकळ्यापासून रबर ओलांडून बाहेरील कड्यापर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढावी, गाडी दिवसभर चालवावी आणि सायंकाळी रेघ पाहावी. ती रबरापाशी तुटून कड्यावरचा भाग पुढे-मागे सरकलेला असेल तर कडे ठोकळ्यावर घसरते आहे. ज्या जुन्या पेट्रोल गाड्यांत ठिणगीची वेळ पुलीवरील खुणेवरून लावतात, तेथे हे घसरणे विशेष फसवे असते; खूण कड्यावर असते, कडे सरकलेले असते, मिस्त्री खुणेप्रमाणे बिनचूक वेळ लावतो आणि गाडी तरीही ओढत नाही.

बॅटरीची ऋण तार काढणे, आडव्या इंजिनाच्या गाडीत पुढले चाक व त्यामागील चिखलपत्रा सोडविणे, पट्ट्याचा मार्ग कागदावर काढून ठेवणे, हे सारे नेहमीचे. खरी लढाई मधल्या बोल्टाशी असते. होंडाच्या काही इंजिनांच्या पुस्तिकांत हा बोल्ट २४५ न्यूटन-मीटरने आवळण्यास सांगितले आहे, म्हणजे मीटरभर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पंचवीस किलो टांगावे इतका तो जोर. त्यात वर्षांचा गंज मिळविला म्हणजे तो सोडविण्यासाठी क्रँक धरून ठेवणे किती अवघड हे ध्यानात येईल. फ्लायव्हीलच्या दात्यांत कुलूप घालणे हा राजमार्ग. गिअर टाकून ब्रेक दाबून धरणे ही चालण्याजोगी पळवाट. पाना चॅसीला टेकवून स्टार्टर मारणे हा मात्र असा प्रकार आहे की, त्यात बोल्ट सुटतो तेव्हा सगळे हसतात, आणि पाना उडतो तेव्हा कोणाचा तरी हात मोडतो. शिवाय इंजिन ज्या दिशेने फिरते ती दिशा बोल्ट सुटण्याची आहे की आवळण्याची, हे गाडीगणिक वेगळे असते.

बोल्ट निघाल्यावर पुली ओढून काढताना तीन पायांचा पुलर तिच्या बाहेरील कडेला अडकविण्याचा मोह होतो. हीच ती जागा जेथे धडधाकट पुली निकामी होते. जोर रबरावर पडतो, कडे हलते, आणि पुली निघाली तरी ती पुन्हा बसविण्याच्या योग्यतेची राहत नाही. पुलर आतील ठोकळ्याच्या भोकांत स्क्रू घालून लावावा. हातोडीचा येथे काही संबंध नाही, ना काढताना ना घालताना, कारण प्रत्येक ठोका थेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. पुली निघाली की तिच्या मानेवर, जेथे ऑईल सीलची ओठाची कडा घासते, तेथे नखाने चाचपून पाहावे. खाच लागली तर नवे सीलही तेल राखणार नाही. नव्या पुलीची मान गुळगुळीत आहे का, चावीचा गाळा सैल तर नाही, आणि ज्या गाड्यांत फेरे मोजणाऱ्या सेन्सरचे दाते पुलीवरच असतात तेथे नव्या पुलीवर ते तितकेच व त्याच जागी आहेत का, हे बसविण्याआधी पाहिलेले बरे.

काही इंजिनांत चावी नसतेच. फोर्डच्या काही पेट्रोल इंजिनांत टायमिंगचे दातेरी चाक आणि पुली ही दोन्ही केवळ बोल्टाच्या दाबाने, घर्षणावर क्रँकला धरलेली असतात. तेथे बोल्ट सैल केला त्या क्षणी टायमिंग मोकळे होते, आणि हे ठाऊक नसलेला कारागीर पुली बदलून पट्टा चढवून गाडी सुरू करतो तेव्हा व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भिडतात. अशा इंजिनावर बाहेरची पुली घालावयाची तर तिच्या ठोकळ्याची जाडी व पृष्ठभागाची कठीणता मूळ पुलीसारखीच पाहिजे, नाही तर दाब कमी पडतो. ज्या बोल्टाला ठराविक जोरानंतर अंशांनी फिरवून ताणायचे असते, तो एकदाच वापरावा, जुना पुन्हा घालू नये. आणि अंदाजाने, "हाताला लागेपर्यंत", आवळण्याची जी सवय लेलँडच्या ट्रकांवर वाढलेल्या हातांना आहे, ती येथे सोडून टॉर्क पाना धरणे श्रेयस्कर. पुली लहान व्यासाची असेल तर मूळ लांबीचा पट्टा ढिला पडतो, आणि ताणयंत्र आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन बसते. तेव्हा पट्टाही आखूड घ्यावा लागतो.

कायदा आणि हमी

या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. पुलीची नोंद नोंदणीपत्रात नसते, म्हणून लातूरच्या परिवहन कार्यालयात एमएच २४ ची गाडी केवळ पुलीपायी अडेल असे दिसत नाही. कंपनीच्या हमीचा मुद्दा वेगळा. हमीच्या मुदतीत क्रँकला हात लावणाऱ्याने हमीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांच्या गाड्यांत आणखी एक गुंता आहे: सिलिंडर पेटण्यास चुकला की नाही हे इंजिनाचा मेंदू क्रँकच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांवरून ओळखतो, आणि पुलीचे वजन वा शामक बदलल्याने तेच चढउतार बदलतात, तेव्हा विनाकारण इशाऱ्याचा दिवा पेटण्याचा संभव राहतो.

अनिर्णित बाबी

पहिली अनिर्णित बाब मोजणीची. कोणत्या इंजिनाचा शाफ्ट कोणत्या फेऱ्यांवर किती पिळतो, हे निर्मात्यांच्या दप्तरी असते, पण ते गिऱ्हाइकासाठी प्रसिद्ध होत नाही. आणि या एका आकड्याच्या अभावी दोन्ही पक्षांचा सर्व वितंडवाद चालतो. वास्तविक ही मोजणी आता पूर्वीइतकी दुर्घट राहिलेली नाही. अठ्ठावन्न दात्यांचे चक्र तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला दोन हजार नऊशे खुणा देते, आणि दोन खुणांमधील वेळ मोजला की गतीचा चढउतार कागदावर उतरतो. अट एवढीच की चक्र पुलीच्या टोकाला हवे, कारण फ्लायव्हीलच्या टोकाला शाफ्ट फारसा पिळत नाही. एखाद्या तंत्रनिकेतनाने या भागात सर्रास चालणाऱ्या चार-दोन इंजिनांवर, कंपनीची व बाजारची पुली आलटून पालटून, हा प्रयोग केला तर वादाचा निम्मा भाग मिटेल.

दुसरी बाब बाजाराची. रबराच्या ताठपणाचा आणि शामकाच्या कंपनसंख्येचा आकडा पुलीवर कोरून देण्याचा रिवाज बाजारात रूढ नाही. पुडक्यावर गाडीचे नाव आणि सुट्या भागाचा क्रमांक तेवढा असतो. तो आकडा आला तरी मिस्त्र्याला त्याचा पडताळा घेता येणार नाही, पण निदान विकणाऱ्यावर जबाबदारी पडेल.

तिसरी बाब नव्या इंजिनांची आहे. बोलेरोसारखी जी गाडी इकडच्या रस्त्यांवर दोन दशके चार सिलिंडरांवर ओळखली गेली, ती आता तीन सिलिंडरांच्या दीड लिटरच्या डिझेल इंजिनावर चालते, आणि विषम लयीच्या या इंजिनांविषयी जुन्या जीपवरील अनुभवाचा दाखला देणे धोक्याचे आहे. त्याहून नवा पेच मारुतीने २०१५ साली सियाझमध्ये आणलेल्या आणि पुढे एर्टिगातही घातलेल्या योजनेचा. तीत डायनामोच स्टार्टरचे काम करतो आणि थांबलेले इंजिन पट्ट्यावरून पुन्हा सुरू करतो. म्हणजे क्रँकची पुली कधी फिरविणारी तर कधी फिरविली जाणारी होते, आणि पट्ट्याचा ताण दोन्ही दिशांनी येतो. अशा गाडीवर पंधरा टक्के लहान पुली घातली तर पट्ट्यातून क्रँकला मिळणारा फिरविण्याचा जोरही तितक्याच टक्क्यांनी घटतो. बॅटरी नवी असताना हे जाणवणार नाही. ती जुनी झाल्यावर, सिग्नलला थांबलेले इंजिन पुन्हा सुरू होण्यास त्यातला किती जोर पुरेल, हा प्रश्न हलक्या पुलीच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप विचारात घेतलेला दिसत नाही, आणि विरोधकांनीही नाही.